पार्वताबाईची साक्ष

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात होणाऱ्या उपासनेचा छापील कागद घरी आला. त्यात सहावा क्रमांक होता : 'आनंदाची साक्ष – पार्वताबाई'. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पार्वताबाई म्हणजे माझी सासू. तिचा एकुलता एक मुलगा किशोर, म्हणजे माझा नवरा, जाऊन नऊ महिने झाले होते. तो नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात होता. दर शनिवारी मोटरसायकलने अकोल्याला यायचा. एका शनिवारी आला नाही. आणि आता त्याच्याच कबरीशेजारी उभं राहून त्याच्या आईने सगळ्या मंडळीला सांगायचं, की मी किती आनंदात आहे!

हे सगळं आमच्या चर्चच्या देवानंद पाळकांचं. माती देताना मला हुंदका फुटला, तर म्हणाले, "साधनाताई, विश्वासणाऱ्यांनी रडायचं नसतं. किशोर प्रभूजवळ आहे. आनंद करा." वर ढोलकी लावून गाणी. त्या दिवशी माझं रडणं घशात अडकलं ते अडकलंच. मी चर्चला जाणं सोडलं. देवाशीही अबोला धरला. भांडायची माझी तयारी होती, पण समोरच्याने उलट बोलायला तरी पाहिजे ना.

सासू मात्र जात राहिली. पांढरं लुगडं, पहिला बाक, हसरा चेहरा, येईल त्याला "सलाम, सलाम". लोक म्हणायचे, विश्वास असावा तर असा. मला ते हसू बघवायचं नाही. पोटचा गोळा मातीत ठेवून ही बाई हसते कशी?

आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो. तरी ही रोज दुपारी न्हाणीत जाऊन टाकीची तोटी धो धो सोडायची. ईस्टरच्या आदल्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी दार ढकललं. बादली भरून वाहत होती, आणि ती पाटावर बसून, तोंडात पदर कोंबून रडत होती.

"आत्याबाई! रोज?"

तिने माझा हात धरला. "कोनाले सांगू नको. मी रडली तं लोक म्हनतीन, मायलेच भरोसा नाही. मंग किशोर तिथं पोचलाच नसन. माह्या आसवानं पोराची जागा जाईन, बाई."

मी तोटी बंद केली. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तशी ही म्हातारी नऊ महिने आपल्या हसण्याने मुलाची स्वर्गातली जागा धरून बसली होती! मी लगेच पाळकांना फोन लावला. म्हटलं, आत्याबाईंचं नाव काढा.

"ताई, त्यांच्यामुळे लोकांना आशा मिळते."

"मंग तुमी हसा न! तिच्या जिवावर काहून वाटून राहिले आशा?"

त्यांनी फोन ठेवला. नाव काही काढलं नाही. म्हणून पहाटे मीही निघाले. उपासनेला नाही, भांडायला.

कबरींना आदल्या दिवशीच चुना दिला होता. झेंडू होता, मेणबत्त्या होत्या. दर ईस्टरला इथे किशोर ढोलकी वाजवायचा. माझा आवाज फाटका. मी गायला लागले की वाजवता वाजवता कानाशी वाकून म्हणायचा, "हळू गा, साधना. हे कबरीतले लोक टाइमाच्या आधी उठतीन."

सहावा क्रमांक आला. सासू उभी राहिली, हसली. तोंड उघडलं, पण शब्द येईना. हसू तसंच राहिलं आणि हनुवटी थरथरायला लागली.

"बोला, बाई," पाळक हळूच म्हणाले. "आनंदाने बोला."

मी उठले. "ते नाही बोलत! नऊ महिने न्हाणीत तोटी सोडून रडून राहिली ते, तुमच्या भेवानं! आनंद कोनाचा हाय, पाळकसाहेब? हिचा का देवाचा? देवाचा असन, तं हिच्या रडन्यानं कमी कसा होते? आन होत असन, तं असा देव मले नको!"

बोलून गेल्यावर मला भान आलं. तिचं गुपित मी चारचौघांत फोडलं होतं. सासू माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, काहीतरी नीट समजून घेत असल्यासारखी.

"देवाचा हाय न तो?" तिने पाळकांना विचारलं. "माहा नाही न?"

पाळकांनी मान डोलावली.

"मंग मीच काहून धरून बसली होती एवढे दिवस? माह्या आनंदाची चूल तं कवाचीच इझली, साहेब. देवाची पेटेल हाय न? तेवढ्यावर उठन माहा किशोर."

एवढं बोलून ती कबरीवर वाकली आणि मोठ्याने रडायला लागली. हाताला, लुगड्याला, गालाला चुना लागला. पाळक कागद हातात धरून तसेच उभे. ढोलकीवाल्याने पुढच्या गाण्यासाठी उचललेला हात आवरला. तिने रडतारडताच मान वर केली.

"थांबले काहून? गा न! मी रडतो, तुमी गा!"

सगळे पाळकांकडे बघायला लागले. माझा पाळकांवरचा राग गेला नव्हता. देवावरचाही नाही. पण म्हातारीने मागितलं होतं, आणि तिच्या वाटचं कोणीतरी गायला हवं होतं. मी सुरू केलं. रागातच. फाटक्या आवाजात, बेसूर, नऊ महिन्यांनी. दुसऱ्या ओळीला डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला मी थांबले नाही. तिसऱ्या ओळीला ढोलकी आली, मग एकेक जण.

हळू गा, साधना.

मुळीच नाही. मी आवाज आणखी चढवला. टाइमाच्या आधी तर आधी, किशोर. ऊठ.