दोन टिचक्या

माझ्या मुलाने फॅमिली प्लॅन घेतला आणि त्यात तीन नंबर घातले: स्वतःचा, बायकोचा आणि सासूचा. हे मला खुद्द विहीणबाईंनीच फोन करून सांगितलं.

"जावईबापूंनी स्वतःहून घातलं हो मला! आता कितीही बोला."

"छान झालं," मी म्हटलं आणि पोटात दुखायला लागलं.

मुलाला विचारलं, तर म्हणतो, "अगं आई, तुझं बोलणंच किती? दुपारपर्यंत मौन, मग जप. तुला छोटा रिचार्ज पुरून उरतो."

खोटं नव्हतं. जेवण होईपर्यंत मी बोलत नाही, हे माझं रोजचं व्रत. सकाळी छापखान्यात चालत जाताना तो मला फोन करतो. तो बोलतो, मी ऐकते. 'हो' असेल तर फोनच्या पाठीवर एक टिचकी, 'नाही' असेल तर दोन. पण म्हणून फॅमिलीत विहीण आत आणि आई बाहेर? माळ ओढताना जिभेवर देवाचं नाव आणि मनात विहीणबाई, असं सुरू झालं.

शेवटी दुकान गाठलं.

"बोलायला किती लागतं, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"आमच्या विहीणबाईंपेक्षा थोडं जास्त."

"त्या किती बोलतात?"

"त्याला माप नाही."

"मग अनलिमिटेडच घ्या," तो हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाची क्षमा मागितली आणि फोन वाजताच म्हणाले, "बोल रे बाळा."

पलीकडे तो घाबरलाच, "आई? तू बोलतेस? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? आता माझाही अनलिमिटेड आहे. काय म्हणतात तुझ्या सासूबाई? काल किती वेळ बोललास त्यांच्याशी?"

"आई, रस्त्यात गर्दी आहे. ठेवतो."

एरवी मशीन बंद पडलं, मालक ओरडला, बायकोने अबोला धरला, सगळं पोटातलं मला सांगणारा मुलगा! दुसऱ्या दिवशी तो 'सगळं ठीक' एवढ्यावर आला. तिसऱ्या दिवशी फोनच वाजला नाही.

दुपारी वाजला, तो विहीणबाईंचा.

"तुमची बाई मजा आहे! जावईबापू मन मोकळं करतात ते तुमच्यापाशी. मी तासभर बोलले तरी मला नुसतं 'हं' आणि 'बरं'. काय चाटायचाय तो प्लॅन?"

ऐकून मला फार बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

पुढच्या सकाळी मीच त्याला फोन लावला. तोंडातून शब्द काढला नाही. एक टिचकी मारली.

"आई? मौन?"

एक टिचकी.

त्याने असा सुस्कारा सोडला की माझे डोळे भरून आले. मग मशीन, मालक, बायको, सगळं आलं धबाधबा. छापखान्याचं दार आलं तसा म्हणाला, "आणि हो, तिची आई महिनाभर राहायला येतेय आमच्याकडे. चालेल ना तुला?"

मी एक टिचकी मारली. देवाशप्पथ, एकच मारायची होती. दुसरी कशी पडली, कळलं नाही.

तो रस्त्यातच खो खो हसत सुटला.

"आई, याला मौन म्हणतात होय?"