सख्खी आत्या

पिंकी न्हाती झाली तवा ओटी भरायला ताडकळसातल्या झाडून सगळ्या बाया बोलावल्या, अन् सख्ख्या आत्याला, मला, मागच्या चुलीपुढं पुऱ्या तळायला बसवलं. वांझेचा हात नको म्हणून! अन् आता पोरीच्या पोटात गाठी निघाल्या, तर दवाखान्यातून पहिला फोन मलाच. वा रे वा!

आमच्या घरात जिनं भोगलंय तिलाच विचारायची रीत हाय. मी पिंकीएवढी असताना माझ्याबी दोनी बाजूंना गाठी झाल्या होत्या. डॉक्टरनं गाठींसकट दोनी अंडाशयं काढली. पुढं नवऱ्यानं पाथरीहून माहेरी आणून सोडलं, ते सोडलंच.

मी परभणीला दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठी साध्या आहेत, कॅन्सरच्या दिसत नाहीत. नुसत्या गाठी सोलून काढू, अंडाशयं ठेवू. पुढं हिला लेकरं होऊ शकतील. फक्त गाठ परत होऊ शकते, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी करायची."

माझी आग आग झाली. ठेवता येतात? मग माझी का न्हाई ठेवली? हिचंच नशीब एवढं उजळ कसं?

माझा भाऊ अंगद म्हणला, "सारखा दवाखाना नको. गावात बोभाटा झाला तर सोयरीक कोण करंल? एकदाच सगळं काढून टाका. अक्काचं काढलं, हाय ना धडधाकट! अक्का, तूच सांग."

भावजय शीला माझ्या तोंडाकडं बघायली. न्हाणाच्या दिवशी हीच माझी नजर चुकवायली होती. खरं सांगते, जिभेवर आलं होतं, काढा म्हणून. बसू दे हिचीबी लेक चुलीपुढं!

तेवढ्यात पिंकी हळूच म्हणली, "आत्या, तुझ्यासारखं झालं तरी चालंल. मी तुझ्यासंगं राहीन."

अगं बाई! माझ्यासंगं? त्या चुलीपुढं?

"धडधाकट?" मी अंगदवर खेकसले. "मेल्या, अंडाशयं काढली तवापासनं हाडं ठिसूळ झालीत, गोळ्या खाऊन सांभाळायलेय मी. न्हाणाला मला बाजूला कुणी बसवलं? उद्या हिला कोण बसवंल? बाई, गाठीच काढा. बाकीच्याला हात लावू नका."

ऑपरेशन नीट झालं. शीलानं रडत माझा हात धरला. "अक्का, घरी गेल्यावर पिंकीची ओटी तुमीच भरा."

भरीन की. पण जळणं काय जात न्हाई. पिंकी शुद्धीवर आली, म्हणली, "राहिलं का गं, आत्या?"

"राहिलं," म्हणले अन् तोंडाला पदर लावून बाहेर आले. तिच्यासाठी भांडायला आत्या होती. मला का न्हवती?