तबकात उरलेले दोन प्याले

चिखलीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. कुणाशी भांडण असेल तर प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेण्याआधी, मिटवायचं. नाही मिटलं तर प्याला न घेता तबक पुढे जाऊ द्यायचं. ज्यानं ही रीत घातली त्याचं सहदेवशी कधी काम पडलं नसावं.

सहदेव मागच्या बाकावर बसतो. गेल्या महिन्यात भर मंडळीत म्हणाला, "दयारामभाऊची प्रार्थना सुरू झाली का घरची भाजी करपलीच समजा." सारे हसले. पाळकसुद्धा हसले! मी देवाशी बोलतो, यांच्या भाजीशी नाही.

तरी शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी निघालो. मी मंडळीचा वडील, पाळकांना सेवेत मदत करणारा. उद्या तबक माझ्याच हातात असणार. वाटेत वाक्य घोकलं, "मी राग धरला, माझं चुकलं." चांगलं नम्र वाक्य होतं. पोचतो तर सहदेवच दारात हात जोडून उभा.

"दयारामभाऊ, मी चुकलो. माफ करा मले."

झालं! मोठेपणा दाखवायला मी आलो आणि तोही हा गडी घेऊन गेला. माझं डोकंच फिरलं.

"आता काऊन आठवलं बे? साऱ्यायसमोर बोलताना अक्कल कुठं गेलती?"

चहासुद्धा न घेता परतलो. घरी बायको सिंधूनं विचारलं, "मिटलं का?"

"तो मिटवूच देत नाही," मी म्हणालो.

रविवारी तबक घेऊन बाकांमधून फिरलो. सहदेवपुढे धरलं. त्यानं हात मागे घेतला. "तुमच्याशी मिटलं नाही ना अजून," हळूच म्हणाला. साऱ्यांनी पाहिलं. त्याच्याच मनात पाप आहे, असं साऱ्यांना वाटलं असणार. आणि मला? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हातात प्रभूचं तबक आणि मनात ही घाण! स्वतःची किळस आली. काल घरून चांगलाच निघालो होतो ना मी? मग मधे कुणी बदललं मला? कुणीच नाही. भला आणि हलकट, दोघेही माझ्यातच राहतात, आणि दर वेळी तो हलकटच जिंकतो.

"दयारामभाऊ, शेवटची प्रार्थना करा," पाळक म्हणाले. "थोडक्यात."

डोळे मिटले. एरवी धो धो येणारे शब्द कुठे गेले कोण जाणे.

"प्रभू, सहदेवनं प्याला घेतला नाही अन् मले आनंद झाला. मले माफ कर. सहदेव, तू बी कर."

मागून खणखणीत आवाज आला, "आमेन!" सहदेवचाच.

तबकात दोनच प्याले उरले होते, त्याचा आणि माझा. पाळकांनी सहदेवला पुढे बोलावलं आणि तबक आमच्यापुढे धरलं. सहदेवनं एक प्याला उचलला आणि आधी माझ्या हातात दिला.

इथंही हाच पुढे! आतला तो हलकट पुन्हा उठला. त्याला तसाच घेऊन मी प्यालो.