चौथं विधान

"गुणांसाठी नाही आलो, सर," मुलीचे वडील तिसऱ्यांदा म्हणाले. ते बस चालवत. अंगावर गणवेश होता आणि पाऊण तासात त्यांची गाडी सुटायची होती. "एक गुण गेला तर गेला. पण पोरगी चार दिवस धड जेवत नाहीये."

सरांनी उत्तरपत्रिका पुन्हा डोळ्यांजवळ नेली. चूक की बरोबर ते लिहा. एकूण दहा विधानं, त्यातलं चौथं: 'मनापासून केलेली प्रार्थना ऐकली जाते.' त्यापुढे मुलीने 'बरोबर' लिहिलं होतं, ते खोडून 'चूक', तेही खोडून पुन्हा 'बरोबर', आणि शेवटी तेही खोडलं होतं. कागद तिथे फाटायच्या बेतात आला होता. बाजूला सरांच्याच लाल अक्षरात शेरा होता: खाडाखोड, शून्य.

"आमची धाकटी गेली ना मागच्या उन्हाळ्यात," वडील म्हणाले. "सहा वर्षांची होती. अकरा दिवस हॉस्पिटलात. ही बाहेर बाकावर डोळे मिटून बसायची. उठ म्हटलं तरी उठायची नाही. आता मला विचारते, बाबा, ते वाक्य बरोबर असेल तर मी मनापासून केली नव्हती का? मी काय सांगू? मला गाडी चालवायला सांगा. म्हटलं, सरांनाच विचारतो."

"बघतो मी," एवढंच सर म्हणाले, आणि आपण नेमकं काय बघणार आहोत ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

सर मुळात विज्ञानाचे. एकतीस वर्षं त्यांनी चुंबक, तरफ आणि पाण्याचे गुणधर्म शिकवले. या वर्षी सरकारी शाळांत धर्मग्रंथांचा परिचय हा ऐच्छिक विषय आला आणि मुख्याध्यापिका बाईंनी वेळापत्रक पुढे सरकवलं. "तुमचे आठवड्याला चार तास कमी भरताहेत."

"अहो बाई, पण यातलं मला ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही. कोणी म्हणणार नाही, सर अमक्याच्या बाजूने बोलले."

घरी बायकोने हसून हसून डोळे पुसले होते. "जन्मात कधी देवाचं नाव घेतलं नाहीत, आता त्याची परीक्षा घ्या!" पण सरांनी मन लावून तयारी केली. चार धर्मांचे उतारे होते. ते त्यांनी धडे समजून शिकवले आणि विज्ञानाची काढायचे तशीच प्रश्नपत्रिका काढली. लोखंड चुंबकाकडे ओढलं जातं, बरोबर. प्रार्थना ऐकली जाते, बरोबर. धड्यात तसंच छापलं होतं. विधानाआधी 'धड्याच्या आधारे' हे दोन शब्द घातले असते तर काही बिघडलं नसतं. पण एकतीस वर्षांत चुंबकाला ते शब्द कधी लागलेच नव्हते.

मधल्या सुट्टीत ते बाईंकडे गेले. "चौथं विधान रद्द करतो. प्रश्न चुकला की सगळ्यांना गुण, नियमच आहे."

बाईंनी चष्मा काढला. "रद्द कराल आणि उद्या दुसरे पालक येतील. प्रार्थना ऐकली जाते, हे तुम्हाला मान्य नाही का, म्हणून. सांगाल काय?"

"मग बरोबर ठेवू?"

"मग त्या पोरीला काय सांगाल?" बाई वाईट नव्हत्या, नुसत्या दमल्या होत्या. "सर, वर्गात सोळा मुलं आहेत. दोघांच्या पालकांनी विषय सोडवला, पंधराच्या खाली आलात, की विषय बंद. विषय बंद झाला की तुम्ही अतिरिक्त. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, कुठे पाठवतील तुम्हाला, कल्पना आहे? एक शून्य आहे, राहू द्या की. लहान आहे, विसरेल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. व्हरांड्यातून चालताना सर कधी पोरीच्या बाजूने होत, कधी बाईंच्या. राहून राहून त्यांना स्वतःचाच राग येत होता. आठवीतल्या मुलीला तिच्या मेलेल्या बहिणीबद्दल आपण एका गुणाचा प्रश्न विचारला, आणि वर शून्य दिलं. हे आपल्या हातून झालंच कसं? तास सुरू झाला तेव्हाही त्यांचं काही ठरलं नव्हतं.

चाचणीनंतर सर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सांगत आणि मुलं ते दुरुस्तीच्या वहीत उतरवून घेत. पहिली तीन झाली. चौथ्याला त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: विधान चौथे रद्द. सर्वांना एक गुण.

वर्गात आनंदाची कुजबुज झाली. ती मुलगी मात्र उभी राहिली. "सर, रद्द म्हणजे काय? चूक की बरोबर?"

पंधरा माना वळल्या. खोटं बोलणं सोपं होतं, आणि दोन्ही बाजूंनी सोपं होतं.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "लोखंड ओढलं जातं का, ते मी तुम्हाला दाखवू शकतो. कोण किती मनापासून मागतं, ते मोजायचं माझ्याकडे काही नाही. कोणाकडेच नसतं. तरी मी ते विचारलं. चूक तुझी नव्हती बाळ, माझी होती."

मुलीला पटलं की नाही, ते कळेना. मग ती खाली बसली आणि तिने पेन उघडलं. बाकीच्यांनीही वह्यांत डोकी घातली, कारण सर बोलले की उतरवून घ्यायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"सर, सावकाश," मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. "माहीत नाही, च्या आधी काय?"

सर फळ्याला पाठ टेकून उभे राहिले आणि मागे राहिलेल्यांसाठी त्यांनी एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं, "सरांना... माहीत... नाही."