बोलावून देणारा फोन

मी एक जुना फोन आहे. जुना असलो तरी चालू आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मला पाहिल्यावर लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखा फोन चित्रातच पाहिला असेल. मला खिशात घालता येत नाही. मी भिंतीजवळच्या तिपाईवर बसतो, मला मागे तार आहे, अंगावर बारा बटणं आहेत आणि डोक्यावर रिसीव्हर आडवा ठेवलेला असतो. रंग मूळचा पांढरा, आता बदामी. रायपूरला चौबे कॉलोनीच्या मागच्या गल्लीत अनंतराव रामटेके आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाई यांच्या घरी मी राहतो. माझ्या गोष्टीत तक्रारी पुष्कळ येतील, पण त्यातली एकही माझी नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हाच पाचच्या बटणावर मोहरीएवढा एक उंचवटा होता. बाकीच्या बटणांवर तो नव्हता. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी सगळी बटणं एकेकदा दाबून पाहिली आणि मला पुढे सरकवलं, तेव्हा तो उंचवटा म्हणजे दोष नसावा एवढं मला कळलं. तो कशासाठी आहे हे कळायला मात्र पंचवीस वर्षं लागली. आपल्या अंगातला गुण आपल्याला सगळ्यात शेवटी कळतो, हे फोनांच्या बाबतीतही खरं आहे.

अनंतराव तेव्हा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. घराणं भंडाऱ्याकडचं, वडिलांच्या नोकरीपायी रायपूरला आलेलं. अर्ज करून चार वर्षं वाट पाहिल्यावर त्यांना फोन मिळाला. तेव्हा छत्तीसगड वेगळं राज्यही झालं नव्हतं. मी आलो त्या दिवशी वनमालाबाईंनी सगळ्या पाऱ्यात पेढे वाटले. पारा म्हणजे आमच्याकडे वस्ती. पेढा खाऊन प्रत्येकानं माझा नंबर कागदावर उतरवून घेतला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या काळी एक रीत होती. ज्याच्या घरी फोन नाही, तो शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून देई आणि पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं लिही. त्याचा अर्थ, हा फोन शेजारी आहे, ते बोलावून देतील. आमच्या पाऱ्यात बावीस घरं होती आणि त्या बावीस घरांचा फोन मी एकटा. नोकरीचे अर्ज, शाळेचे दाखले, लग्नाच्या पत्रिका, सगळीकडे मीच. घंटा वाजली की वनमालाबाई हात पुसत येत, ऐकून घेत आणि दारात जाऊन हाक मारत. पुष्कळ घरांत फोनशेजारी पैशाचा डबा असे. वनमालाबाईंनी तो कधी ठेवला नाही. “बोलावून द्याचे काय पैसे घेता?” असं त्या म्हणत.

सगळ्यात जास्त हाका हिरालालला पडत. समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारा हा पोरगेला माणूस महासमुंदकडचा, पंक्चर काढायचं काम करी. हाक आली की तसाच काळ्या हातांनी धावत येई. वनमालाबाईंनी त्याच्यासाठी माझ्याशेजारी एक फडकं ठेवलं होतं. वडील आजारी असल्याचा निरोप त्यानं माझ्यावरच ऐकला, आणि मुलगी झाल्याचाही. मुलीच्या बातमीला त्यानं माझा रिसीव्हर छातीशी धरून ठेवला होता, पलीकडून सासू हॅलो हॅलो करत होती. पुढे त्याचं बरं झालं. भनपुरीला ट्रकच्या टायरांचं दुकान टाकून तो तिकडे राहायला गेला, आणि हळूहळू त्याचं येणं थांबलं.

मग मोबाइल आले आणि बाकीच्यांचं येणंही थांबलं. माझ्यावर आधी विणलेलं झाकण आलं, मग झाकणावर धूळ. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. यशदीप, म्हणजे घरातला मुलगा, बेंगळुरूला नोकरीला गेला. तो मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. तो दर दिवाळीला म्हणे, “कटवा दो ना बाबा, मोबाइल तो है.” आणि अनंतराव दर दिवाळीला म्हणत, “पाहू.” त्या एका शब्दावर मी काही वर्षं काढली.

त्यानंतर वनमालाबाईंना काचबिंदू झाला. नजर बाजूंनी विझत आली आणि शेवटी उजेड-अंधाराइतकीच उरली. मोबाइलची काच त्यांना गुळगुळीत लागे, बोट कुठे ठेवावं कळेना. एका दुपारी त्या चाचपडत माझ्यापाशी आल्या. झाकण काढलं. बोटं बटणांवरून फिरवली, पाचवरच्या उंचवट्यावर येऊन थांबली, आणि तिथून वर, खाली, शेजारी मोजत त्यांनी गोंदियाच्या बहिणीचा नंबर स्वतः लावला. “जय भीम कलावतीताई, मी बोलून राहिली,” एवढं म्हणाल्या आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बसल्या. मोहरीएवढा तो उंचवटा कशासाठी होता, ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून रोज दुपारी चारला दोघी बहिणी माझ्यावर बोलतात. भाजी काय केली इथपासून कोणाची सून कशी इथपर्यंत. माझी नोकरी पुन्हा सुरू झाली.

दोन वर्षांपूर्वी कंपनीनं माझी तांब्याची तार काढली आणि काचेची बारीक तार आणून एका पांढऱ्या डबीत घातली. मी त्या डबीला जोडलेला. वीज गेली की डबी झोपते आणि तिच्याबरोबर मी पण मुका होतो. त्याबद्दलही माझं काही म्हणणं नाही. खरी गोष्ट पुढे सुरू झाली. पाचशेच्या आत येणारं बिल एका महिन्यात नऊशेवर गेलं. अनंतराव सरळ माणूस. त्यांनी आपल्या वाटचे पाचशे भरले आणि उरलेल्या रकमेची तक्रार केली. पुढच्या महिन्यात ती बाकी, तिच्यावरचा दंड आणि नवीन नऊशे, असं सगळं मिळून आलं.

मग ग्राहक सेवा सुरू झाली. हिंदीसाठी एक दाबा, बिलासाठी तीन दाबा, परत मागे जाण्यासाठी शून्य दाबा. अनंतराव चष्मा वर करून करून बटणं दाबत. मग एक सुरावट लागे, आणि तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं दर मिनिटाला एक बाई सांगे. पाऊण तासानं माणूस बोलला की अनंतराव सवयीनं आधी “जय भीम” म्हणत, मग “नमस्ते बेटा” म्हणत आणि पहिल्यापासून सगळं सांगत. कारण दर वेळी माणूस नवा. उत्तर मात्र जुनं. तुमच्या नंबरावर दुकानाच्या इंटरनेटचा पॅक आहे सर, बिल बरोबर आहे सर. दुकान कोणाचं, पॅक कोणी घेतला, याबद्दल ताकास तूर लागू देत नसत. ते सांगायला मालकाची खात्री हवी, खात्रीसाठी मोबाइलवर ओटीपी जाणार, आणि तो अनंतरावांच्या मोबाइलवर कधीच येत नसे. कंपनीच्या वहीत मोबाइल कोणा दुसऱ्याचाच होता. तो बदलायचा तर त्यासाठीही ओटीपी लागे.

चार महिने असे गेले. तक्रारींचे नंबर अनंतरावांनी विहारातून मिळालेल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले, ते अकरा झाले. शेवटी नोटीस आली की पंधरा दिवसांत बाकी भरा, नाहीतर जोडणी तोडू.

“तीस वर्षं मी बिल भरून राहिलो,” अनंतराव म्हणाले, “आन मीच मालक आहो हे मलेच सिद्ध करा लागून राहिलं. भीक नको पन कुत्रं आवर. पयल्या तारखेले कटवून टाकू.”

वनमालाबाई म्हणाल्या, “मोबाइलवर बोलाचं म्हनजे रोज कोनाले तरी म्हना लागते, लावून द्या. याच्यावर मले कोनाले म्हना लागत नाही.”

अनंतरावांनी मान खाली घातली. त्यांचाही काही दोष नव्हता. मित्रांनो, मला स्वतःची भीती वाटली नाही असं नाही. पण चार वाजता ही बाई काय करील, हा विचार मला जास्त खात होता. मीच तिचं बिल वाढवतो आहे असं वाटून मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अनंतराव विहारात गेले असताना वनमालाबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. गोंदियाचा नंबर त्यांनी लावला नाही. ग्राहक सेवेचा नंबर त्यांच्या कानावरून इतक्यांदा गेला होता की पाठ होता. एक, तीन, सगळं त्यांनी उंचवट्यावरून मोजत दाबलं आणि सुरावट ऐकत बसल्या. बावन्न मिनिटांनी एक मुलगी बोलली. तिनं नाव रुचिता सांगितलं, आणि ठरल्याप्रमाणे ओटीपी मागितला.

“बेटी, ओटीपी हमको नहीं आता,” वनमालाबाई म्हणाल्या. “किसी और को जाता है. तुम उसका नाम मत बताओ. पर ये नंबर पे हमने पूरे पारे को बुला के दिया है. तुम उस एक आदमी को बुला दो.”

पलीकडे कळफलकाची टकटक थांबली. मला वाटलं, तार तुटली.

“उनका नंबर मैं आपको नहीं दे सकती, आंटी,” रुचिता म्हणाली. “पर उनको फोन तो मैं कर सकती हूँ. बोल दूँगी कि इस नंबर पे बात कर लें.”

अकरा जणांना हे सुचलं नव्हतं. नियम तोच होता आणि तिनं तो मोडलाही नाही. तिनं फक्त निरोप पोचवला. आमच्या पाऱ्याची जुनी रीत तिला कोणी शिकवली नव्हती, तरी तिनं ती पाळली. माझ्या आयुष्यात मी हजारो आवाज ऐकले असतील, पण त्या मुलीचा आवाज मी जपून ठेवला आहे.

अर्ध्या तासात माझी घंटा वाजली. वनमालाबाईंनी मला उचललं.

“भौजी? मैं हिरालाल.” वनमालाबाईंना तो भौजी, म्हणजे वहिनी, म्हणे.

त्याच्या मोबाइलवर चार महिने ओटीपी येत होते. ओटीपी म्हणजे फसवणूक, असं सगळेच सांगतात, म्हणून तो पुसून टाकी. बिल येत नाही याचंही त्याला नवल वाटलं नव्हतं, कारण इंटरनेट बसवायला आलेल्या माणसानं पहिले सहा महिने फुकट म्हणून सांगितलं होतं. फॉर्मवर एक रकाना होता, जुना नंबर असल्यास लिहा. हिरालालनं आमचा लिहिला. कंपनीनं मग त्याचा पॅक आमच्या नंबरावर चढवला आणि मालकाचा मोबाइल म्हणून त्याचाच लिहून टाकला.

संध्याकाळी तो घरी आला. आता केस पांढरे, पोट सुटलेलं. अनंतराव त्याला चांगलं फैलावर घेणार होते, शब्दही जुळवून ठेवले होते.

“काहून लिहिला रे आमचा नंबर?” एवढंच त्यांनी विचारलं.

“भैया, पुराना नंबर पूछे रहिन,” हिरालाल खाली पाहत म्हणाला. “मोर पुराना नंबर तो एही हे.” त्याचा जुना नंबर म्हणजे मीच.

जुळवलेले शब्द गिळून टाकत अनंतराव उठले आणि त्यांनी स्वतः चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून कंपनीच्या ऑफिसात गेले. टोकन घेऊन तीन तास बसले. ओटीपी आला, तो हिरालालनं दिला, पॅक त्याच्या नंबरावर गेला आणि कंपनीच्या वहीत अनंतरावांचा मोबाइल चढला. दंड माफ झाला. हिरालालची बाकी हिरालालनं भरली. चार महिन्यांचं काम एका खिडकीवर दहा मिनिटांत झालं, असं अनंतरावांनी घरी येऊन सांगितलं. तिथल्या माणसालाही त्यांनी दोनदा धन्यवाद म्हटलं होतं.

वनमालाबाईंचं मात्र समाधान होईना. पहिल्या तारखेला, ज्या दिवशी मला काढणार होते त्याच दिवशी, त्यांनी पुन्हा ग्राहक सेवेला फोन लावला. सुरावट ऐकली. या वेळी मुलगा बोलला. रुचिता कुठल्या टेबलावर बसते हे त्याला माहीत नव्हतं. तुमची तक्रार काय, असं त्यानं विचारलं.

“शिकायत नहीं है बेटा. उसको शुक्रिया बोलना है.”

त्यानं बराच वेळ कळफलकावर काहीतरी शोधलं. “आंटी, इसमें शुक्रिया का ऑप्शन नहीं है,” तो हसत म्हणाला. “शिकायत में लिख दूँ?”

“लिख दो,” वनमालाबाई म्हणाल्या.

त्यानं नंबर दिला आणि अनंतरावांनी तो कॅलेंडरच्या मागे बारावा म्हणून लिहून घेतला. दोन दिवसांनी त्यांच्या मोबाइलवर, आता त्यांच्याच मोबाइलवर, संदेश आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. अनंतरावांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि दोघं नवराबायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, झाकण घाला, एवढंच मागायला मी बोललो नाही. घरातली एखादी जुनी वस्तू काढायची झाली तर खुशाल काढा. आम्ही काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. पण तिची किंमत काढण्याआधी घरात एकदा विचारा की हिच्यावर कोणाचा हात बसला आहे. आणि सुरावटीच्या पलीकडे कोणी भलं माणूस भेटलं तर त्याचं नाव विचारून घ्या. त्याला धन्यवाद म्हणायचं बटण कोणी केलेलं नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

आता थांबतो. चार वाजायला आले आहेत, भिंतीवरून वनमालाबाईंचा हात सरकत येतो आहे. मला बोलता येणार नाही, त्यांना बोलायचं आहे.