फणसाच्या फळ्या

"अण्णा, ही साखळी ओढायला दुसरी गाडी लागेल. ती मी कुठून आणू?"

मरोळच्या भंगारवाल्या अण्णाने कपाळावर हात मारला. "काशीराम, तू चिखलातून जीप काढायचं सामान बघतोयस की पोरीला स्थळ? सकाळपासून एक वस्तू पसंत नाही तुला! बंद गिरणीतली साखळी आहे ही. हत्ती बांध हिला."

"हत्ती बांधायचा नाही ना, जीप काढायचीय."

दुकानाबाहेर काशीरामची बायको रुक्मिणी दोन जाडजूड फळ्या भिंतीला टेकवून उभी होती. नवऱ्याची ही चिकित्सा तिला नवी नव्हती. भाजीवालीकडे भेंडीसुद्धा तो एकेक वाकवून बघायचा.

काशीराम आरे कॉलनीत जनावरांच्या डॉक्टरांची जीप चालवायचा. तबेल्यांचं शेणपाणी जिथे गवताच्या मळ्यांत सोडतात, तिथली जमीन वरून हिरवीगार आणि आतून पिठल्यासारखी. श्रावणात तिथे जीप रुतली होती. ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत पलीकडच्या तबेल्यात एक म्हैस गेली. त्याला कोणी शब्दाने बोललं नाही, पण त्या दिवशी काशीराम ताटावरून तसाच उठला. मग ऑफिसातूनच निरोप आला, तुला योग्य वाटेल ते सामान बघून ये.

अण्णाने ओझं ओढायची चेनकप्पी दाखवली. ती बांधायला झाड हवं, आणि मळ्यात झाड कुठलं? लोखंडी पत्रा दाखवला, तेव्हा काशीरामने त्यावर मगभर पाणी ओतून चप्पल घासली. सर्रकन घसरली. खोक्याची देवदारी फळी त्याने दोन विटांवर आडवी ठेवली आणि वर उभा राहिला. ती कडकन मोडली.

"आता जीपला पंख लाव," अण्णा म्हणाला.

"तिथे डॉक्टर आणि मी दोघंच असतो, अण्णा. ओढायला तिसरं कोण येणार? जे चाकाखाली जाईल तेच आपलं." बोलता बोलता त्याची नजर रुक्मिणीच्या फळ्यांवर गेली आणि चटका बसल्यासारखी मागे आली.

रुक्मिणीने ते पाहिलं.

त्या फळ्या कुडाळहून तिच्या वडिलांनी एस.टी.च्या टपावर टाकून पाठवल्या होत्या. परसातल्या फणसाच्या. त्यांचा देव्हारा करायला पुढच्या गल्लीतल्या राजाराम सुताराकडे टाकायच्या होत्या. क्वार्टरमधल्या एका खोलीत तिचे देव फळकुटावर डाळीच्या डब्यांना खेटून बसायचे. फोडणीचे शिंतोडे बाळकृष्णाच्या तोंडावर उडायचे आणि ती रोज सकाळी पदराने पुसताना त्याची माफी मागायची. येत्या दसऱ्याला देव देव्हाऱ्यात बसतील, असा तिने संकल्प सोडला होता.

"घेवा ह्यो," ती हळूच म्हणाली.

"खुळी काय गो तू? बापाशीन देवासाठी धाडल्यान ह्यो."

"आणि ती म्हस कोणी धाडल्यान?"

काशीरामने दोन्ही फळ्या उचलून खांद्यावर घेतल्या. राजाराम सुताराने मग देव्हाऱ्याऐवजी फळ्यांच्या टोकांना भोकं पाडून दिली. चिखलातून उपसून काढायला काशीरामने त्यांत दोर ओवला.

त्यानंतर परतीच्या पावसात जीप कितीदा तरी रुतली आणि निघाली. दर खेपेला काशीराम फळ्या घरी आणायचा, नळाखाली ब्रशने घासायचा, सावलीत उभ्या करून वाळवायचा. एकदा नंदकुमार डॉक्टर चहाला आले, ते हसतच.

"वहिनी, तुमचा माणूस वेडा आहे. गुडघाभर शेणात उभा राहील, पण फळीवर पाय देणार नाही. मी दिला तर ओरडला माझ्यावर. म्हणतो, साहेब, चाकाला माफ आहे, आपल्याला नाही!"

काशीराम खाली मान घालून बशी फुंकत राहिला. रुक्मिणीने डॉक्टरांना आणखी एक लाडू वाढला, आणि नवऱ्याच्या बशीत न विचारता दोन ठेवले.

खंडेनवमीला तिने पाटासमोर जीपची चावी, जॅक, पाने आणि दोन्ही फळ्या मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेतली हत्यारं दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायची नाहीत, ही तिच्या माहेरची रीत. उपवास, वार पाळणं, एकही नेम तिने आजवर मोडला नव्हता.

कापूर विझतोय तोच दारात पाड्यावरची चंपा आली. धापा टाकत होती. डॉक्टर तिच्या मागे, सदऱ्याची बटणं लावत.

"माझी गाय अडलीय वो! वासराचा एकच पाय भायेर आलाय!"

काशीरामने हात जोडून चावी उचलली. मग फळ्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "ऱ्हवांदे. कडेकडेन जातंय."

"काल पावस पडलो. कड खय रवली?"

"पूजा मांडलंस ना गो."

 बाळकृष्णाकडे पाहून रुक्मिणीने डोळे मिटले, उघडले, आणि माळ बाजूला करून एक फळी स्वतःच बगलेत धरली. "दुसरी तुमी घेवा. मी येतंय."

मळ्याच्या मध्यावर जीप बसली. पाडा अजून बराच लांब होता. काशीराम शेणपाण्यात उतरला. मागच्या चाकांतली थोडी हवा सोडली, फावड्याने चाकांपुढचं रबरबीत उकरलं, फळ्या सरकवल्या. हळदकुंकवाची बाजू वर होती. उलटवायला वेळ नव्हता. तो गाडीत चढला. डॉक्टर आणि चंपा मागून रेटू लागले, रुक्मिणीनेही पदर खोचून खांदा लावला.

चाक गरगरलं, थांबलं, मग कुंकवावर चढलं. तिने डोळे मिटले. काड् असा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा जीप पलीकडच्या घट्ट जमिनीवर होती आणि एक फळी उभी चिरली होती.

काशीराम परत चिखलात उतरून ती दोरीने ओढत होता. "मोडली गो," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"गाय बघा आदी."

डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घालून आत दुमडलेला पाय सोडवला. वासरू बाहेर आलं ते निपचित. काशीरामने गवताच्या पेंडीने त्याला चोळलं, चोळतच राहिला. शेवटी ते शिंकलं. चंपा मटकन खाली बसली आणि रडली.

घरी आल्यावर रुक्मिणीने फळ्या धुतल्या. चिरलेल्या फळीच्या एका तुकड्यावर चाकाच्या नक्षीत हळद अशी दाबली गेली होती की घासूनही निघेना. तिने घासायचं सोडलं. तो तुकडा कोपऱ्यात पुसून मांडला, आणि फळकुटावरचे देव एकेक करून त्यावर आणून बसवले.

"अख्खी फळी आणि ह्यो दुसरो तुकडो गाडयेत नेवा," ती म्हणाली. "लागतलो."

काशीराम उंबऱ्याबाहेरच उभा होता. गुडघ्यापर्यंत शेण वाळून पांढुरकं झालं होतं. देव खाली बसलेले दिसल्यापासून त्याला आत यायचा धीर होत नव्हता. "वायच पाणी दी गो. पाय धुतंय."

ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि वाकून त्याच्या पायांवर धार धरली. तो संकोचून मागे सरला तशी तीही सरली. तांब्या अर्धा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, हा देवपूजेचा होता.

तिने उरलेलं पाणीही त्याच्या पायांवर ओतलं.