पडायचा झगा

"वरच्या पायरीवर उभी असते तेव्हा काडी, आणि घरंगळायला लागली की तिची आई!" कॅमेरामन श्मिट माझ्या कानाशी पुटपुटला. तोंडातली विझलेली सिगार त्याने काढली नव्हती, त्यामुळे सगळं बोलणं सिगारच्या कडेने बाहेर आलं. "कंबर बघा, कंबर. लोक काय आंधळे आहेत?"

कंबर ऑर्विलची होती. झगा मिस हॅडलीचा, रुपेरी सॅटिनचा, अंगाला ओल्या कपड्यासारखा चिकटणारा. आमच्या खुनाच्या चित्रपटांत शेवटी बाईला गोळी लागते आणि ती जिन्यावरून खाली येते. मिस हॅडलीचं काम गोळी लागेपर्यंत. पुढचं ऑर्विल क्लेटचं. पंचेचाळिशी उलटलेला, पाय तासून गुळगुळीत केलेला, डोक्यावर सोनेरी टोप. हॉलिवूडच्या निम्म्या देखण्या बायका त्याच्याच जिवावर मेल्या.

मी शिवणखात्यात. नायिकेचा झगा झाला की त्याच कापडातून ऑर्विलचा शिवायचा. खांद्यात रुंद, आणि आतून कापसाचं अस्तर. पूर्वी बरं होतं. राजेरजवाड्यांच्या गोष्टी, घेरदार झगे. आत गादी घातली तरी कळायचं नाही. मग हे खुनाचे चित्रपट आले, आणि नायिकांचे झगे अंगासरशी झाले. आणि नेमकी तेव्हाच मी कापूस वाढवत गेले.

त्याने तो कधी मागितला नाही. मागच्या वसंतात तो एका हॉटेलच्या जिन्यावरून पडला आणि 'कट' झाल्यावरही पडूनच राहिला. दिग्दर्शक मिस्टर ब्रॉक खूश. "वा! काय मेलीय!" मग ऑर्विल उठला, सगळ्यांना लवून मुजरा केला, सगळे हसले. पाठीचे हूक काढताना मला दिसलं, त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पुढच्या झग्याची बाही बगलेत उघडी ठेवली, हात खालूनच घालता यावा म्हणून, आणि अस्तरात कापूस वाढवला. "आज मऊ लागतंय, एल्विरा," एवढंच तो म्हणाला.

"कापूस काढ," श्मिटचं ऐकून मिस्टर ब्रॉक मला म्हणाले. "सगळा." ऑर्विलकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

भिंतीशी डीक पर्सेल बसला होता, गुडघ्यावर टोपी. तोही पडायचीच कामं करतो. तरणाबांड.

"काय रे, तू इकडं कसा?" दिवेवाल्यांपैकी कुणी तरी विचारलं.

"असाच. बघायला."

असंच बघायला येणारा माणूस पाय तासून येत नाही. बसल्यावर विजार वर सरकली होती आणि मोज्यांच्या वर नडगी आरशासारखी चकचकत होती. सगळ्यांना दिसली. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

पडद्याआड मी ऑर्विलचा झगा उलटा केला आणि टाके उसवायला घेतले. तो बनियनवर उभा.

"हळू काढ. आई आहे ती."

"ऐकलंस होय?"

"श्मिटची कुजबुज सॅन डिएगोपर्यंत जाते." मग पडद्याकडे मान करून, "डीक दिसला?"

"दिसला."

"बघायला आलाय म्हणे."

"हो."

"बघू दे की. शिकेल."

पाठीचा कापूस निघाला, कुल्ल्यांचा निघाला, कोपरांचा निघाला. टेबलावर ढीग झाला, एखादी मेंढी कातरावी तसा. मानेपाशी एक पट्टी मी तशीच ठेवली. झगा अंगात चढल्यावर त्याने उजवा हात मागे नेऊन ती चाचपली.

"हीपण काढ. श्मिटची नजर काही म्हातारी झालेली नाही."

"ऑर्विल..."

"काय?"

"काही नाही. रोझलिन कशी आहे?" मी त्याच्या बायकोची चौकशी केली.

"मळ्यात लिंबं उतरवतेय. तुला पाठवते म्हणालीय."

मी पट्टी काढली.

तो वर जाऊन उभा राहिला. आता श्मिटलाही बोट ठेवायला जागा नव्हती; खालून बघताना ती मिस हॅडलीच होती.

"तयार?" ब्रॉकनी विचारलं.

"बुटाची टाच हलतेय," ऑर्विल वरून म्हणाला. टाच ठोकली. मग टोप सरकला. केसांवाली वर जाऊन खाली आली. मग म्हणाला, डोळ्यांवर दिवा येतोय.

एरवी असल्या खोळंब्यात आमच्याकडे शिव्यांचा पाऊस पडतो. त्या सकाळी मात्र आजाऱ्याच्या घरात असावेत तसे सगळे हळू बोलत होते. दिवेवाला एकच वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत होता. श्मिट, ज्याला सकाळपासून घाई, तोच म्हणाला, "दिवा खरंच चुकलाय, हलवायलाच हवा." ब्रॉक जिन्याच्या कठड्याचं पॉलिश निरखत होते. डीक मान खाली घालून टोपीची कड बोटांनी दाबत होता. आपली पाळी यावी असं वाटणाऱ्याचा चेहरा नव्हता तो.

"एल्विरा," ब्रॉक म्हणाले, "जरा वर जाऊन बघ बरं. झगा कुठं अडकतोय का."

मी गेले. ऑर्विलने कठडा धरला होता. रंगवलेल्या नखांच्या मागे बोटांची पेरं पांढरी पडली होती, पावडर घामाने फाटली होती. मी गुडघ्यावर बसून झग्याचा काठ उलटून पाहिला. कुठे काही नव्हतं. इतका सुरेख बसलेला झगा मी आयुष्यात शिवला नव्हता. मी तोंडात टाचण्या धरल्या. टाचण्या धरल्या की बोलावं लागत नाही. मग त्या काढून खाली ओरडले, "काठ अडकतोय! उसवून परत घालावा लागेल. दुपार होईल!"

"होऊ दे, होऊ दे," ब्रॉक घाईघाईने म्हणाले. खाली सगळ्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"नाही अडकत," ऑर्विल म्हणाला. हळू, फक्त मला.

मग तो कठड्यावरून वाकला, आणि त्या लाल ओठांतून त्याचा जाडाभरडा, शेतावरचा आवाज सगळ्या सेटवर गेला.

"झग्याला काही झालेलं नाही, मिस्टर ब्रॉक. मला भीती वाटतेय."